औटकी, समीना आणि माझा जळफळाट

गेल्या शनिवारी वाघोलीच्या कॉलेजात मी दाराआड उभी राहून शेजारचा वर्ग चोरून ऐकत होते. या वयात! पण पोटात दुखायला लागलं की माणूस काय काय करतं...

आधी सांगते, मी तिथे कशी. शिक्षण माझं मॅट्रिकपर्यंत. पुढे सगळी नोकरी लोकांचे गणिताचे प्रबंध टाइप करण्यात गेली. मशीनवर गणिताच्या खुणा नसायच्या, म्हणून जागा सोडायची आणि मागाहून पेनाने भरायच्या. भरता भरता त्यांचा अर्थही लागायला लागला... पाण्यात पडलं की हातपाय मारता येतातच.

म्हणून इथल्या विभागप्रमुख सरांनी बोलावलं. मुलांना गणित येतं हो, पण ते दुसऱ्याला कळेल असं लिहिता येत नाही. तेव्हा दर शनिवारी कोथरूडहून बस बदलत जायचं आणि प्रोजेक्टची पानं तपासायची. सोबत डब्यात काहीतरी न्यायचं, कारण उपाशीपोटी कोणाला सिद्धता सुचत नाही.

मग या टर्मला ऋचा मॅडम आल्या. वयाने माझ्या सुनेहून लहान. त्यांनीही शनिवारीच, शेजारच्याच खोलीत, गणित लिहायला शिकवण्याचा वर्ग काढला.

माझी मुलं एकेक करून तिकडे सरकली. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे... गणित लिहिताना कोणी हसतं का? अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. चकल्या नेऊन पाहिल्या. मुलांनी चकल्या खाल्ल्या, हात पुसले आणि तिकडे गेली.

त्यात सर म्हणाले, "काकू, पुढच्या टर्मपासून एकच वर्ग ठेवू या. मुलं जिकडे, तो." माझ्याकडे तेव्हा एकटी समीना उरली होती. ती गेली की माझा शनिवार संपला...

समीना शेवटच्या वर्षाला आहे, मोठी गोड पोर. तिचा प्रोजेक्ट औटकीवर. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मराठेशाहीत पंतोजी मुलांकडून तो घोकून घ्यायचे, आणि आमच्या आजोबांनी मला तसाच पाठ करायला लावला होता. एक औट साडेतीन, बे औट सात... झोपेतून उठवलंत तरी म्हणेन. प्रोजेक्ट मराठीत लिहायची परवानगी मिळाली, तेव्हा तिच्याइतकीच मी खूश झाले होते.

एका पानावर तिने सिद्ध केलं होतं की विषम संख्येची साडेतीनपट कधीच पूर्ण येत नाही, शेवटी अर्धा उरतोच. का उरतो, ते तिने चांगलं ऐसपैस लिहिलं होतं. मी म्हटलं, "अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला?" मधल्या ओळी उडवल्या आणि लाल पेनाने लिहिलं, 'हे उघड आहे'. पान कसं आटोपशीर दिसायला लागलं!

तर गेल्या शनिवारी समीनाही माझ्याकडे आली नाही. मी उठले आणि त्या दाराशी गेले...

आत ऋचा मॅडमची रीत अशी. ज्याने लिहिलं त्याने तोंड बंद ठेवून कोपऱ्यात बसायचं. दुसऱ्याने ते पान मोठ्याने वाचत, त्यात लिहिलंय तेवढंच फळ्यावर करत जायचं. जिथे वाचणारा अडेल, तिथे लिहिणाऱ्याने खूण करायची.

पान समीनाचं होतं. वाचत होती पहिल्या वर्षाची एक मुलगी. फळ्यावर झरझर चालली होती, आणि 'हे उघड आहे' पाशी थांबली. खडू हातात तसाच. मग म्हणाली, "मॅडम, मला नाही कळलं. काय उघड आहे?"

वर्ग हसला. मला राहवेना. दारातूनच ओरडले, "अगं, विषम संख्या निम्मी केलीस की अर्धा उरणारच ना!"

"काकू, इथे लिहिणाऱ्याने बोलायचं नाही," ऋचा मॅडम म्हणाल्या.

"मी कुठे लिहिलंय? पान समीनाचं आहे."

कोपऱ्यातून समीना हळूच म्हणाली, "काकू, ती ओळ तुमची आहे."

आता तर वर्ग खो-खो हसला... आणि मीही. काय करणार! मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी उडवलेल्या ओळी समीनाने परत लिहिल्या. त्या मुलीने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि या खेपेला कुठेही न अडता खालपर्यंत पोचली.

बाकावर बसल्या बसल्या मात्र मला वेगळंच काही बोचत होतं. टायपिंगच्या दिवसांत असलं 'उघड आहे' कितीदा माझ्या बोटांखालून गेलं. मला कधीच उघड नव्हतं. पण टायपिस्टने विचारायचं कसं? गिळायचं आणि पुढची ओळ टाइप करायची. आणि या पोरीने ते भर वर्गात विचारलं, नि कोणी तिला गप्प बस म्हटलं नाही...

इतके दिवस मला वाटत होतं, मी ऋचा मॅडमवर जळतेय. छे हो, मी त्या बाकांवरच्या मुलांवर जळत होते.

सरांना सांगून आले, पुढच्या टर्मचा वर्ग ऋचा मॅडमचाच असू दे. ऋचा मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही या ना, मुलांचं वाचायला." मी म्हटलं, "वाचायला नाही येणार. माझंच एक पान लिहून आणते. कोणीतरी अडखळत वाचा, मी कोपऱ्यात गप्प बसते."

त्या पहिल्या वर्षाच्या मुलीचं देव भलं करो. हेवा अजून वाटतोच... पण आता निदान तिच्या शेजारी बसून वाटेल.