काशीबाईंनी न सांगितलेली तीन मुलं

माझं काम लोकांना चोंबडेपणाचं वाटतं, आणि थोडंफार ते तसं आहेच. आजारी मूल घेऊन आलेल्या घराला मी विचारते, आधी कोणी लहानपणी गेलं का, मुलगा होता की मुलगी, आईकडचं की वडिलांकडचं. ऐकलेलं कागदावर काढते. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. हिमानी मॅडम मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या प्रतिकारशक्तीच्या आजारांवर संशोधन करतात आणि दर गुरुवारी उल्हासनगरला मुलं तपासायला येतात. त्यांच्या हाताखाली मी गेली नऊ वर्षं हे चौकोन-गोल काढते आहे. माझ्या सासूबाई म्हणतात, आमच्या अस्मिताला पगार मिळतो तो लोकांच्या घरची गाडलेली मढी उकरायचा.

काशीबाईंनी मला एकदा खोटं सांगितलं. त्या एका ‘नाय’ची किंमत त्या अजून मोजतायत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

ओजस त्यांचा नातू. चार महिन्यांचा होता. तीन आठवडे खोकला, जिभेवर पांढरा थर, आणि जन्मल्यावर टीबीची लस दिली होती त्या बाजूच्या काखेत सुपारीएवढी गाठ. खोलीत त्याची आई नेत्रा, वडील दिपेश, दिपेशची आई भागीरथीबाई आणि कोपऱ्यात काशीबाई, नेत्राची आई. बाहेर अजून अकरा मुलं थांबली होती आणि मला घाई होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "नेत्राच्या माहेरी कुणी मुलगे लहानपणी गेलेत का? भाऊ, मामा?" नेत्राने आईकडे पाहिलं. काशीबाई म्हणाल्या, "नाय. आमाला ही एकटीच." मी एक गोल काढला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

मॅडमना शंका होती. पण घरात तसं काही नाही म्हटल्यावर आणि दिपेशच्या काकांचं टीबीचं औषध चालू असल्यामुळे आधी त्या वाटेने उपचार सुरू झाले. खास रक्ततपासण्या व्हायला वेळ गेला, तोवर बाळाची अवस्था अशी झाली की रिपोर्टावरून नक्की काही सांगता येईना. उपचारांच्या बाविसाव्या दिवशी ओजस गेला. घरच्यांना न्यूमोनिया हा शब्द कळला होता, तोच ते घेऊन अंबरनाथला गेले. पुढच्या बाळंतपणाआधी येऊन भेटा, असं मॅडमनी सांगितलं होतं. ते आले नाहीत. मूल गेलेल्या दवाखान्याची पायरी कोण पुन्हा चढतं?

दोन वर्षांनी एका गुरुवारी सगळे पेशंट संपल्यावर बाकड्यावर एक बाई बसून होत्या. नऊवारी, हातात भाजीची रिकामी पिशवी. बदलापूरच्या शिरगावहून एकट्याच आल्या होत्या. मी ओळखलं नाही, त्यांनीच ओळख दिली.

"त्या दिशी मी खोटं बोल्ले, पोरी. माजी तीन पोरं गेलीत."

मी त्यांच्यावर ओरडले. आता लाज वाटते, पण ओरडले. ओजसच्या वेळी का नाही सांगितलंत, मी विचारत होते तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नेत्राला सातवा लागलाय. पोरगा झाला तर?"

त्यांना आत मॅडमकडे नेलं, पाणी दिलं, आणि त्या पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगायला लागल्या. माहेर खाडीकाठचं, वडील मिठागरावर. अठराव्या वर्षी शिवरामशी लग्न होऊन शिरगावात आल्या. भाताची थोडी जमीन, मागे मळा, आणि सकाळी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बदलापूरचा बाजार. पहिला रघु. साडेचार महिन्यांचा होऊन गेला. दुसऱ्याला मुद्दाम धोंडू म्हटलं, म्हणजे मरणाला वाटावं हा दगडच आहे, कशाला न्यायचा. तो सहा महिने राहिला. तिसऱ्याचं नाक टोचलं, झबली मुलीची घातली, नाव नाथा. त्याला यम मुलगी समजून सोडेल असं सासूने सांगितलं होतं. यम काही फसला नाही. तिघांचं दुखणं सारखंच होतं, तोंडात पांढरं, खोकला, जुलाब, आणि मग खाणंच बंद. तिघांना शेताच्या बांधाशी पुरलं. ती जमीन पुढे विकली आणि तिथे बिल्डिंग झाली. पार्किंगच्या त्या कोपऱ्यावरून जाताना काशीबाई अजून चप्पल हातात घेतात. वॉचमनला वाटतं, म्हातारीचा तळवा दुखतो.

सासूने त्यांना खूप छळलं. हिचं पोटच नासकं, हिच्यात मुलगा टिकत नाही, हे ती आल्यागेल्याला सांगायची. मग नेत्रा झाली, मुलगी म्हणून जगली, आणि शिवरामने ठरवलं, आता पुरे. नेत्राचं लग्न जमवताना दोघांनी मिळून ती तीन मुलं पुसून टाकली. नेत्रालाही कधी सांगितलं नाही.

"सांगितलं असतं तर लोकं बोल्ले असते, आयशीच्या पोटी पोरगे जगत नाय, लेकीच्या काय जगतील? कोन करनार व्हतं माज्या पोरीला?"

"आणि ओजस झाला तेव्हा?"

"तवा वाटलं, माज्यामागं लागलंय ते तिच्यामागं कशाला लागंल. आन मग तू इचारलंस तवा तिची सासू बाजूला बसलेली."

मॅडमनी त्यांना समजावलं. प्रतिकारशक्तीचा हा दोष आईकडून मुलाला जाऊ शकतो, मुलगी बहुधा वाचते. जन्मतःच तपासलं, टीबीची ती लस लांब ठेवली, तीन महिन्यांच्या आत बोनमॅरो बदलला, तर मूल जगू शकतं. लस लाखो मुलांना वाचवते, पण ज्याच्या अंगात राखणदारच नाही त्याच्यात तीच पसरते. पण हे सगळं करायला नेत्राची संमती हवी होती. म्हणजे काशीबाईंना तोंड उघडायचं होतं, आणि तेही अंबरनाथच्या त्या घरात.

मी बरोबर गेले. अंबरनाथ पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावरचं घर. रिक्षातून उतरताना काशीबाई मला म्हणाल्या, "तिला घरातनं काढलं तर मी नेईन. तू घाबरू नको." घाबरल्या त्या होत्या. आत जाऊन खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्यानेच तिन्ही नावं घेतली आणि काय झालं ते सांगितलं.

मी भागीरथीबाईंकडे पाहत होते. भांडण होणार असं धरूनच चालले होते. भागीरथीबाई उठून काशीबाईंजवळ आल्या. मग म्हणाल्या, "तीन? आणि तुम्ही एवढी वर्षं कुणाजवळ रडला पण नाय?" दिपेशने मला विचारलं, "ताई, आता काय करायचं ते सांगा, उद्याच येतो." बस. ज्या दोन माणसांच्या भीतीने काशीबाई नेत्राच्या लग्नापासून गप्प राहिल्या, त्यांनी एक वाकडा शब्द काढला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण नेत्रा आईकडे पाहत होती. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे ओजस वाचला असता?"

काशीबाई तेव्हा कुठे खाली बसल्या, जमिनीवरच.

मुलगाच झाला. दोष होता. लस दिली नाही, बाळ सगळ्यांपासून वेगळं ठेवलं, दिपेशचा बोनमॅरो दिला. मधे दोनदा वाटलं, हाही जातोय. तो राहिला. आता शिशुवर्गात जातो, डबा टाकून देतो म्हणून शिक्षिका तक्रार करते.

काशीबाईंची रक्ततपासणी झाली तेव्हा मी रिपोर्ट समजावत होते. त्यांच्या गोलात मला एक टिपका द्यावा लागला. "ह्यो कसला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दोष तुमच्याकडे आहे, तुम्हाला त्रास देत नाही, मुलांना जातो, यात तुमची काही चूक नाही. त्यांनी मान हलवली. "म्हंजे सासू बोलायची ते बरोबरच व्हतं," त्या म्हणाल्या. मी पुष्कळ बोलले, नशीब म्हणाले, चिठ्ठी उचलण्यासारखं असतं म्हणाले. त्यांनी तो टिपका अंगठ्याने पुसून पाहिला.

नेत्रा आईशी भांडली नाही. भांडली असती तर एव्हाना मिटलंही असतं. सणाला साडी पाठवते, फोनवर औषध घेतलंस का विचारते, आणि मुलाला शिरगावला नेत नाही. आधी इन्फेक्शनचं कारण होतं. मॅडमनी ते कारण केव्हाच काढून घेतलं, तरी नेत नाही. काशीबाईंनी धाकट्या नातवाला आजवर एकदाही मांडीवर घेतलेलं नाही.

गेल्या वर्षी मॅडमचा लेख छापून आला. अशा अनेक घरांपैकी एक घर त्यांचं, नाव-गाव न देता. मी त्याची प्रत घेऊन शिरगावला गेले. काशीबाईंनी रेघा मारलेले चौकोन बोटाने मोजले, रघु, धोंडू, नाथा, आणि खाली ओजस. कुठल्या छापील कागदावर ती तिघं आहेत असं पहिल्यांदाच झालं होतं. त्यांचा ना जन्मदाखला होता ना फोटो. त्यांनी विचारलं, "माज्याबद्दल काय लिवलंय?" मी इंग्रजी ओळीचा अर्थ सांगितला, पहिल्या मुलाच्या वेळी घराण्याची माहिती मिळू शकली नाही.

"मी दिली नाय, असं लिवाया पायजे व्हतं," त्या म्हणाल्या.

मग मला राहवेना. पाच वर्षं मी ते मनात घेऊन फिरत होते. "मावशी, चूक माझी पण आहे. मी तुम्हाला विहीणबाईंसमोर विचारलं. बाहेर नेऊन एकटीला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, आणि ओजस..."

त्यांनी माझा हात धरला. भाजी निवडून निवडून बोटं खरखरीत झालेली.

"नाय गं. एकटीला इचारलं असतंस तरी मी नायच बोल्ले असते."

हे खरं होतं, की मला मोकळं करायला त्या पुन्हा एकदा खोटं बोलल्या, मला कळलं नाही. लोकांना प्रश्न विचारायचाच पगार घेते मी, पण तो प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही.