क्षणभर मोडणारा नियम

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बी.एस्सी.चे पेपर तपासत होते. समोरच्या उत्तरात लिहिलं होतं, 'अस्थिर कणाचं विघटन होताना ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम क्षणभर मोडतो.' गठ्ठ्यातल्या बहुतेकांनी हेच लिहिलं होतं, कारण सरांच्या मराठी पुस्तकात तेच छापलेलं आहे. त्या वाक्यावर काट मारली, मग फोन ठेवला. रडू आलं नाही. महिना झाला, अजूनही आलेलं नाही.

मी पेठ वडगावची. कोल्हापुरात सरांकडे एम.एस्सी. करत असताना त्यांनी त्या पुस्तकाची छपाईआधीची मुद्रितं मला वाचायला दिली होती. या वाक्यापाशी मी अडले. नियम मोडत नाही. अगदी थोडा काळ जगणाऱ्या कणाचं वस्तुमानच एका आकड्यावर पक्कं नसतं. विघटनातून बाहेर पडलेल्या कणांवरून ते काढलं, तर दरवेळी थोडं वेगळं येतं. तो उपकरणाचा दोष नव्हे, आणि आधीची व नंतरची ऊर्जा दरवेळी तंतोतंत सारखीच असते. हे मी तीन ओळींत लिहून चिठ्ठी मुद्रितांना टाचली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सर सगळ्यांदेखत म्हणाले, "या, वडगावचं पावणं. आज कुठला नियम वाचवायला आलासा?"

मुलं हसली. मी म्हटलं, "सर, नियम शाबूत आहे, वस्तुमान..."

"अगं, पोरास्नी पाठ व्हायला सोपं पायजे. मोडतोय म्हटलं की ध्यानात ऱ्हातंय. आणि पुस्तक माझं हाय का तुझं?"

पुढे वर्षभर मी 'पावणं'च राहिले. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, प्रस्तावनेतल्या आभारांतही नाही. फळ्यापाशी ते फार सुंदर शिकवत, हे मी नाकारत नाही. म्हणून तर त्या वाक्यावर इतक्या मुलांनी विश्वास ठेवला.

गेल्या आठवड्यात शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घरी गेले होते. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची हाय. तू पुढं दोन चांगले शब्द लिही की."

"लिहीन. पण एक वाक्य बदलू द्याल?"

"न्हाय बाई. ते असतानाबी कुणाला शब्द हलवू दिला न्हाय त्यांनी." असं म्हणत काकूंनी सरांची स्वतःची प्रत माझ्या हातात दिली.

मी ते पान काढलं. वाक्यावर पेन्सिलीची रेघ होती. समासात सरांच्या बारीक अक्षरात तीन ओळी... माझ्याच, स्वल्पविरामांसकट. प्रत पहिल्या आवृत्तीची होती, पेन्सिल पुसट झाली होती. त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत ते चुकीचं वाक्य तसंच छापलं गेलं.

काकूंनी वाकून पाहिलं. "हे तर त्यांचंच अक्षर. मग घाल की बदलून."

ती प्रत आता छापखान्यात आहे. वाक्य बरोबर छापलं जाईल, सरांच्या नावावर. दोन चांगले शब्द माझ्याकडून झाले नाहीत. त्या तीन ओळी कुणाच्या, हे मी काकूंना त्या दिवशी सांगितलं नाही. आता काकू ते इथे, माझ्या या लिखाणात वाचतील.