टाकी भरली का?

मुक्ताबाई दिसली की लांबूनच विचारायची, "काय बाई, टाकी भरली का?" म्हणजे जेवण झालं का. तिच्या लेखी मोटारसायकलची ती टाकी, फवारणीचा पंप ती टाकी, माणसाचं पोटही टाकीच. मला तो प्रश्न मायेचा वाटायचा.

नव्वदच्या दशकात सेनगाव तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेविका होते. तिथे मुक्ताबाईची सत्तर मेंढरं होती. गावच्या उंच पाण्याच्या टाकीखाली जनावरांसाठी सिमेंटचा हौद होता. एका उन्हाळ्यात सरपंच आबा म्हणाले, "मेंढरं लेंड्या टाकून घाण करून राहिलीत. हौदाचा नळ बंद करा." माझ्या वहीत त्या दिवशीच्या कामांत तिसरी ओळ होती : नळाला कुलूप. पुढे मी 'झाले' अशी खूणही केली होती.

दुपारी मुक्ताबाई आली. "आबा, एक डाव पाजू द्या. तिघी गाभण हाईत."

"नदीला ने की."

नदी कोरडी होती, हे आबांना, तिला आणि शेजारी उभ्या मलाही ठाऊक होतं. पुढच्या गावाच्या वाटेवर त्या तिन्ही मेंढ्या तहानेने पडल्या आणि मेल्या. ती परत आली, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "बराबर हाय, आबा."

आमच्याकडे हळद लावण्याआधी शेतात मेंढरं बसवतात. रात्रभराच्या लेंड्यांनी जमीन तयार होते. त्या वर्षापासून मुक्ताबाईने आबांच्या चारही शेजाऱ्यांच्या रानात मेंढरं बसवली. आबांच्या बांधाला खेटून, पण शेजाऱ्यांच्याच बाजूला. शेजाऱ्यांची हळद कमरेला लागायची, आबांची गुडघ्याशी पिवळी. आबांनी मेंढरं बसवायला दुप्पट धान्य देऊ केलं.

"नको आबा, माझी मेंढरं घाण करत्यात. तुमचं रान सोच्छ ऱ्हाऊ द्या."

असे आठ उन्हाळे गेले. नवव्या वर्षी आबांनीच कुलूप काढायला लावलं, नारळाच्या शेंडीने स्वतः हौद घासला, काठोकाठ भरला आणि चारचौघांत तिला बोलावलं. शेवटचं मेंढरू पिऊन होईपर्यंत ती हलली नाही.

आबा म्हणाले, "मग उद्या बसवतीस ना?"

"तिघी ऱ्हायल्या की प्यायच्या. त्या पिऊन गेल्या का बसवते."

बसवली नाहीतच. ती गेल्याचं कळलं तेव्हा माझी बदली होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मी तिच्या घरी भेटायला गेले. सुनेला म्हटलं, "टाकी भरली का, असं आता कोण विचारणार?"

ती गोंधळली. "आत्याबाई तर सगळ्यांना 'जेवलास का' असंच इचारायच्या. टाकीचं तुमाला अन् आबालाच."