एका लॉर्डापायी

दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर रुसून जेवण टाकणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. "वहिनी, आज ताट नको. आज लॉर्डांनी फार वाईट केलं हो," असं म्हणून ते उठायचे. मी लाटणं हातात धरून विचारायची, आता काय केलं म्हणे लॉर्डांनी? तर पार्लमेंटात गिरणीतल्या बायकांचे कामाचे तास कमी करायच्या कायद्याविरुद्ध मत दिलं. लॉर्ड गेला, गिरण्या गेल्या, आणि सिंगापुरात पुंगोलच्या अकराव्या मजल्यावर माझी भेंडीची भाजी वाया जायची.

आमच्या घरात त्यांचं नाव पडलं लॉर्डवाले. मूळचे संगमनेरचे, इथल्या विद्यापीठात इतिहासाचे संशोधक, कंत्राटी. चार वर्षं आमच्या मागच्या खोलीत राहिले. एका इंग्रज उमरावाचं चरित्र लिहीत होते. त्या लॉर्डाला इंग्लंडात तरी कुणी ओळखत असेल की नाही, देव जाणे! तेविसाव्या वर्षी बापाच्याच जहागिरीतून निवडून आला; कुळांची काय बिशाद दुसऱ्याला मत देण्याची! बाप गेल्यावर उमरावांच्या सभागृहात बसला. दोनदा मंत्री झाला, दोनदा हाकलला गेला. घोड्यांवर पैसे उधळले, गरिबांच्या प्रत्येक कायद्याला आडवा आला. माझी लेक सई सगळं ऐकून म्हणायची, "अंकल, युअर लॉर्ड सो बॅड लाह!"

पण शेवटच्या वर्षी म्हणे हा माणूस पालटला. हिंदुस्थानातून बेड्या घालून सिंगापूरला आणलेल्या कैद्यांनी इथले रस्ते बांधले, इमारती उभ्या केल्या. शिक्षा संपल्यावर त्यांना इथे मानानं राहू द्या, असं भर सभागृहात तो एकटा उभा राहून बोलला. त्या एका भाषणापायी लॉर्डवाले त्याच्यामागे लागले होते. "माणूस शेवटच्या वर्षीसुद्धा सुधारतो, वहिनी. माझं अख्खं पुस्तक एवढंच सांगतं," असं म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

तिकडे पार्लमेंटात मत देताना हात वर करत नाहीत, उठून 'हो'च्या किंवा 'नाही'च्या दारातून चालत जातात. त्यावरून त्यांनी एक म्हणच करून टाकली होती: "काय बोलला ते सोडा, कुठल्या दारातून गेला ते सांगा." एकदा माझ्या नवऱ्यानं, नितीननं, जेवताना स्त्री-पुरुष समानतेवर लांबलचक भाषण दिलं. लॉर्डवाले हळूच म्हणाले, "वहिनी, आता दार बघा." नितीन फोन घेऊन बाल्कनीच्या दारातून पसार! भांडी लॉर्डवाल्यांनी घासली.

त्यांची बायको सुमन आणि सहा वर्षांची मुलगी संगमनेरला. पुस्तक निघालं की नोकरी पक्की होणार, नोकरी पक्की झाली की दोघींना इकडे आणायचं, असा सगळा बेत. एका प्रकाशकानं हस्तलिखित स्वीकारलंही होतं. रविवारी हे गृहस्थ एलआरटीच्या छोट्या गाडीत बसून पुंगोलचा अख्खा फेरा मारायचे आणि कुठल्या इमारतीत वारा चांगला, कुठून शाळा जवळ, ते येऊन मला सांगायचे. सुमनला उकाडा सोसत नाही, हे मला तिला न भेटता पाठ झालं होतं.

आणि मग ती मेल आली. लॉर्डाच्या गावच्या चर्चनं दफनाच्या नोंदवहीचा फोटो पाठवला होता; पुस्तकात घालायला यांनीच मागितला होता. लॉर्ड त्या भाषणाच्या सहा महिने आधीच मेला होता! घराण्याच्या वंशावळीत मृत्यूचं साल एका वर्षानं चुकलेलं, आणि यांनी त्यावर विश्वास ठेवलेला. सभागृहाच्या कागदपत्रांत माणसाचं नाव नसतं, नुसती पदवी असते. आपल्याकडे पाटील मेला की त्याचा मुलगा पाटील, तसंच. बोलला होता तो मुलगा. "आमचा लॉर्ड न सुधारताच मेला, वहिनी," एवढंच बोलून ते खोलीत गेले.

मी त्यांना काय सांगितलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "भावजी, कोण बघायला बसलंय? तो फोटो पुसून टाका. सुमनचा विचार करा, पोरीचा करा." नितीन म्हणाला, मग मुलावर लिहा. ते म्हणाले, "त्याला तीन वर्षं लागतील. माझ्या हातात कंत्राटाचे चार महिने आहेत." चौथ्या दिवशी प्रकाशकाला आणि विद्यापीठाला स्वतःच कळवून टाकलं, की पुस्तकाचा पायाच चुकला आहे, मी ते मागे घेतो. माझा संताप संताप झाला. एवढं चार वर्षं रांधून घातलं, निदान विचारायचं तरी! विचारलं असतं तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पुस्तक नाही म्हणून कंत्राट वाढलं नाही, कंत्राट नाही म्हणून इथे राहायचा पास रद्द झाला. जायला महिनाभर मिळाला. चांगी विमानतळावर निरोप देताना मला राहवलं नाही. "भावजी, तुम्ही मूर्ख आहात," मी म्हटलं आणि तिथेच रडायला लागले. ते म्हणाले, "हो," आणि सईच्या डोक्यावर हात ठेवून रांगेत जाऊन उभे राहिले.

आता ते संगमनेरजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर मानधन, सुट्टी लागली की तेही बंद. मुलावरचं पुस्तक लिहून झालेलं नाही. संगमनेरहून इंग्लंडातली कागदपत्रं मिळत नाहीत म्हणतात. त्यांची गोष्ट मी इथे कुणाला सांगते तेव्हा ऐकणारे मान डोलावतात आणि म्हणतात, वा, पण मनाचं समाधान मिळालं असेल हो. मलाही तसंच वाटायचं. वाटून बरं वाटायचं.

गेल्या दिवाळीत फोन केला. सुमनशी बोलले, पोरीशी बोलले, मग त्यांना विचारलंच, "भावजी, खरं सांगा, पश्चात्ताप होतो का कधी?"

"रोज होतो, वहिनी," ते म्हणाले.

मला वाटलं, आता पुढे 'पण' येईल. मी फोन कानाला लावून बराच वेळ थांबले. ते पुढे काही बोलले नाहीत.