गांगुर्डे मास्तरांचा खडू आणि माझं कॉस्टिंग

मास्तर गेले, आणि खरं बोलायला मला चाळीस वर्षं उशीर झाला.

गांगुर्डे मास्तर. आमच्या नाशिकरोडच्या कारखान्यातले कटिंग मास्तर.

कारखाना म्हणजे काय, पत्र्याच्या शेडमध्ये नऊ मशिनी, एक लांब टेबल आणि माझे वडील, दादा. लहान मुलींचे फ्रॉक शिवायचो आम्ही. मनमाड, सटाणा, मालेगावच्या दुकानांत माल जायचा.

मास्तर इगतपुरीजवळच्या खेड्यातून पॅसेंजरने यायचे. चप्पल कोपऱ्यात ठेवायची, हात धुवायचे, की लगेच खडू हातात.

त्या खडूचा मला भारी राग यायचा.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि पुस्तकातलं कॉस्टिंग कुठेतरी वापरून बघायला हात शिवशिवत होते. एका फ्रॉकला कापड किती, दोरा किती, बटणं, लेस, शिलाई, इस्त्री... सगळं वहीत लिहून काढलं.

घोडं अडलं ते मास्तरांपाशी.

ते टेबलावर कापडाचा ताका पसरायचे आणि अर्धा दिवस नुसत्या रेघा मारायचे. मोठ्या फ्रॉकच्या घेराशेजारी लहान फ्रॉकची बाही, बाहीच्या बगलेत कॉलर. पुसायचे, परत मारायचे. कात्रीला हात नाही.

माझ्या वहीत त्या अर्ध्या दिवसापुढे पीस किती? शून्य.

मी दादांना म्हटलं, "मास्तरांना महिन्याचा पगार कशाला? पीसवर द्या. फ्रॉकचा भाव आठ आण्यांनी खाली आणता येईल."

दादांना पटलं. पोरगी शिकल्याचं चीज झालं, असं सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले. मी हवेत.

मास्तर वाद घालणाऱ्यातले नव्हते. एवढंच म्हणाले, "ताई, मंग खडू मारायचा टाइम कोन धरनार?"

मी हसले. "मास्तर, कापड कात्रीने कापतात."

ते वाक्य आजही आठवतं आणि स्वतःची लाज वाटते.

पीसवर पोट भरायचं तर हात चालवावाच लागतो. मास्तर रेघांत वेळ न घालवता भराभर कापायला लागले. ज्या ताक्यात अठरा फ्रॉक निघायचे, त्यात सोळा निघायला लागले.

दादांना एवढंच दिसलं की कापड कमी पडतंय.

आणि त्यांच्या तोंडून पहिलं नाव आलं ते मास्तरांचं. का, तर ते संध्याकाळी पिशवी घेऊन गाडी पकडायला जातात.

पिशव्या सगळ्यांकडेच होत्या. नजर एकाच पिशवीवर गेली. का गेली, हे तेव्हा मी मनातसुद्धा बोलले नाही. आज बोलते. जात बघून गेली. दादा प्रेमळ होते हे मी कुणालाही सांगेन, पण हेही त्यांच्याबद्दलचं खरं आहे.

मला कापड कुठे जातंय ते कळलं होतं. टेबलाखाली पूर्वी आठवड्याला चिंध्यांचं एक पोतं भरायचं, आता दोन भरत होती. मास्तर खडूने जे वाचवायचे ते आता चिंधीवाला घेऊन जात होता.

मी वही उघडून दादांना दाखवायला हवं होतं. पण मग माझं कॉस्टिंग चुकलं हे सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले.

एका संध्याकाळी दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, पिशवी दाखवता जरा?"

मशिनी बंद पडल्या.

मास्तरांनी पिशवी टेबलावर ओतली. जेवणाचा डबा, एक पंचा, दोन पेरू.

"बघा मालक. नीट बघा."

मास्तरांनी एकेक वस्तू परत भरली आणि जाताना माझ्याकडे बघितलं. एकदाच.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

चार-पाच वर्षांनी मला ते देवळाली कॅम्पच्या बाजारात दिसले. एका दुकानाच्या जिन्याखाली मशीन टाकून जवानांच्या पँटी कमी-जास्त करत होते. माझ्यासाठी चहा मागवला.

मी कशीबशी सुरुवात केली, "मास्तर, ते कापड..."

"चिंध्यांत गेलं, ताई. मला म्हाईत हाय."

"मग दादांना सांगितलं का नाहीत?"

"तुमी सांगाल आसं वाटलं व्हतं."

मी चहा संपवला आणि बसने घरी आले. त्या दिवशीही दादांना सांगितलं नाही. पुढे दादा गेले, ते मास्तरांना चोर समजूनच गेले.

आज सकाळी मास्तरांच्या मुलीचा, संगीताचा फोन आला. बाबा झोपेतच गेले म्हणाली.

मग म्हणाली, "ताई, एक विचारू? बाबांनी तुमचा कारखाना का सोडला? लोक काहीबाही बोलायचे. आईने विषय काढला की बाबा उठून बाहेर जायचे. आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही."

"घरी येते, मग बोलू," म्हटलं.

पण तिला एकटीला सांगून भागणार नाही. त्यांची झडती चारचौघांत झाली होती. त्या वेळच्या कारागिरांची मुलं-सुना या ग्रुपवर माझ्या ओळखीत आहेत, म्हणून इथे लिहिते. आपापल्या घरी वाचून दाखवा.

संगीता, तुझ्या बाबांनी आमचं वीतभर कापडही नेलं नाही. माझा हिशोब चुकला होता. मला ते माहीत होतं, आणि मी तुझ्या बाबांना जाऊ दिलं.

गांगुर्डे मास्तरांना अखेरचा नमस्कार.