चार बोटं पुढे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, माझं सगळं तिला ठाऊक आहे, आणि मी तिला तसं वाटू देतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी सर्व्हेचा माणूस. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलो आणि ऑकलंडमध्ये रस्ते, प्लॉट मोजता मोजता केस पांढरे केले. घरात साधं चित्र टांगायचं तरी मी लेव्हल घेऊन उभा राहतो. "आपल्या मोजमापात चूक निघत नाही," हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय, की आता लिहिताना कान गरम होतात.

आमचा ओंकार क्रिकेट सोडून अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला — हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात, तोच. मी यथेच्छ टिंगल केली. "ही काय रेड्यांची टक्कर?" वगैरे. तो सामने कधी आहेत ते सांगेनासा झाला. हे मला लागलं. मग मी आपणहून साखळी धरायला नाव दिलं.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांमध्ये बांधलेली साखळी असते, आणि ती यजमानांचीच माणसं धरतात — दोन्ही संघांसाठी. पाहुण्यांनी त्यांच्यावर विसंबायचं, असा रिवाज. पुढची काठी सिओनेकडे असायची. सामोअन गृहस्थ, ट्रक चालवून निवृत्त झालेला, अंगाने दांडगा. मला सगळं त्यानेच शिकवलं. माझ्याकडे क्लिप. मैदानात दर पाच यार्डांवर पांढरी रेष असते; साखळीवर, जवळच्या रेषेच्या मागच्या कडेला ती लावायची. मोजायला साखळी आत नेली, की पुन्हा त्याच कडेवर टेकवायची. मग पुढची काठी बरोबर जागेवर येते. माझ्यासारख्याला हे काम म्हणजे पोरखेळ. नाही का?

आणि जपानचा राष्ट्रीय संघ आमच्याशी मैत्रीचा सामना खेळायला आला. आमच्याकडे कुणी प्लंबर, कुणी विद्यार्थी, एकजण माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये बूट विकणारा. जपानी पोरांनी त्यांना नुसतं पळव पळव पळवलं. मध्यांतरालाच निकाल लागल्यात जमा होता. म्हणजे मी जे केलं त्याने काही जिंकणार नव्हतं — हे मुद्दाम सांगतो, मोठ्या गोष्टीसाठी केलं असं वाटायला नको.

ओंकार बाकावर बसून होता. अगदी शेवटी त्याला घेतलं. जपानचा चौथा प्रयत्न. एक ठेंगणा, चपळ पोरगा चेंडू घेऊन घुसला, आणि ओंकारने त्याला कमरेत धरून आडवा केला. पोहोचला की नाही? मोजा, पंच म्हणाला.

खरं तर मैदानात क्लिप पंचाने टेकवायची. पण त्याचे गुडघे धरलेले होते. त्याने खूण केली — तूच टेकव. मी वाकलो, मान वर केली, तर ओंकार माझ्याकडे बघत होता. सायकल शिकताना बघायचा ना, तसा. आणि मी —

मी क्लिप रेषेच्या पुढच्या कडेवर टेकवली. घाईत नाही, चुकून नाही. रेष चार बोटं रुंद. साखळी तेवढी पुढे सरकली. सिओनेने काठी ओढून रोवली. चेंडूचं टोक बोटभर मागे राहिलं.

तो जपानी पोरगा माझ्या हाताकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. त्याने पाहिलं होतं. पंचाला जपानी कळेना. त्याने चेंडूपाशी उभं राहूनच मला विचारलं, "बॅक एज?"

तोवर मी क्लिप उचललीही होती. "येस," मी म्हणालो. "बॅक एज."

मग जो काही जल्लोष झाला! पोरांनी ओंकारला उचलून घेतलं. गाडीत बसल्यावर "डॅड, डिड यू सी दॅट?" म्हणाला, आणि घरापर्यंत बोलत राहिला — कित्येक महिन्यांनी. मी सुखावलो होतो. तेव्हा लाज वाटली असती तर निदान तेवढं तरी सांगता आलं असतं.

पुढे जपानच्या प्रशिक्षकांनी आयोजकांना व्हिडिओ पाठवला. भाषा अगदी सौम्य होती. काठी पुढे गेलेली दिसत होती, माझा हात मात्र कुणाच्या तरी पाठीआड. दिसत होता तो साखळी ओढणारा सिओने. याने जास्त जोर लावला असणार, असं ठरलं. मला विचारलं, काही लक्षात आलं होतं का? "नाही," मी म्हणालो. पुढच्या मोसमापासून सिओनेला बोलावणं बंद झालं. त्याने तक्रार केली नाही. मी मात्र जात राहिलो — इंजिनिअर माणूस, अचूक माणूस.

ओंकारने हे मागितलं नव्हतं. त्याच्यासाठी केलं, असं म्हणायची सोयही मला नाही.

गेल्या महिन्यात सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानात सिओने भेटला. आधी ओंकारची चौकशी केली, मग मला दंडाला धरून बाजूला नेलं. म्हणाला, "माझा हात जड आहे रे, मीच ओढली असणार. पण ओंकारला कधी सांगू नकोस. त्याने अडवलं, असंच त्याला वाटू दे. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस म्हणालो. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझे आभार मानले.