धोंडीभाऊंची सूतभर ढील

बिघडलेली मोटार आली की धोंडीभाऊ आधी तिच्या ड्रायव्हरला चहा पाजत. पाना हातात यायचा तो त्यानंतर. "लोखंड खोटं बोलत न्हाई, पर त्ये बोलतच न्हाई. म्हनून आदी मानसाला इचारायचं," असं त्यांचं म्हणणं.

महायुद्धाच्या दिवसांत देहूरोडच्या एका लष्करी वर्कशॉपात ते फिटर होते आणि मी कारकून. वलवणकडचा हा बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. मिशांना ग्रीस लागून लागून त्या कधी पिकल्याच नाहीत. शाळेत ते दोनच वर्षं गेले होते. "मास्तर दमला," एवढंच कारण ते सांगत.

एकदा खंडाळ्याच्या घाटात एका चिलखती मोटारीचा ब्रेक गेला. ड्रायव्हर गुलाबसिंगाने ती डोंगराला घासत कशीबशी थांबवली. दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपात आणली, तर ब्रेक अगदी ठणठणीत! आमच्या कप्तानसाहेबांनी निकाल दिला, की उतारभर ब्रेकवर पाय ठेवून यानेच तो तापवला. आता गुलाबसिंगाच्या बाहीवरची फीत उतरणार होती.

चहाचा पेला हातात धरून तो म्हणाला, "भाऊ, कसम से, पाँव रखा ही नहीं।"

"मंग पायावरच पहारा बसवू," धोंडीभाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

अशा रीतीने मी त्या लोखंडी पेटीत अंग चोरून, गुलाबसिंगाच्या बुटावर डोळे लावून बसलो. वडगावच्या रस्त्याला लागलो. धोंडीभाऊ माझ्या शेजारी, कप्तानसाहेब जीपमधून मागे. धोंडीभाऊंची ताकीद होती, की सुरुवातीला चार वेळा ब्रेक मारायचा आणि मग त्याला शिवायचंच नाही. थोडं पुढे जाताच मोटार कण्हू लागली.

"पाय लागला का रं, बाबू?"

"नाही, भाऊ!"

मोटार थांबवून ते खाली उतरले. बोट ओलं करून प्रत्येक चाकाच्या ड्रमला लावलं. चर्र! चारही चाकं सारखीच तापली होती. "एक बैल लंगडला तर खूर बघावा. समदेच आडले तर जू बघावं," म्हणत त्यांनी एका चाकाचा बारीक स्क्रू सैल केला. पेडलवर कुणाचा पाय नसताना आतून ब्रेकच्या तेलाची चिळकांडी उडाली, थेट जीपमधून उतरून आलेल्या साहेबांच्या इस्त्रीच्या विजारीवर.

मग ते पेडलखाली शिरले. तिथल्या दांडीला सूतभर ढील हवी असते, ती नव्हतीच. त्यामुळे तापून फुगलेल्या तेलाला परतायला वाट नव्हती आणि ब्रेक आपोआप आवळत चालला होता. गार झाला की पुन्हा शहाणा.

"ही दांडी कुणी आवळली?" साहेबांनी विचारलं.

मला माहीत होतं. आठवड्यापूर्वीच्या कामाचा कागद मीच लिहिला होता. मी रस्त्याकडेच्या बाभळीकडे बघू लागलो.

धोंडीभाऊ मोटारीखालून सरपटत बाहेर आले. चेहरा उतरला होता. "मीच, सायेब. पेडल लय खाली जातंय म्हनला ह्यो, म्हनून समदी ढील काडली. शानपना जास्त झाला. ह्या पोराचा जीव गेला आसता."

गुलाबसिंगाची फीत वाचली. धोंडीभाऊंना महिनाभर धुलाईच्या शेडमध्ये रॉकेलने सुटे भाग धुवायची शिक्षा झाली. पण आठवड्यातच शेडपुढे फिटरांची रांग लागू लागली. कुणाचा गिअर अडलेला, कुणाचं इंजिन रुसलेलं.

पंधराव्या दिवशी साहेब स्वतः आले. एक मोटार कुणालाच उमगत नव्हती. शिक्षा माफ आहे, चला, म्हणाले.

धोंडीभाऊंनी हातातला गिअर रॉकेलमध्ये बुडवला. "न्हाई सायेब. आजून पंधरा दिस हायेत माजं," ते म्हणाले. "गाडी हितंच आना. आन् डायवरलाबी."